आंबुशी आणि शमादानं

गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत आंबुशी उगवली आहे. मी लावलेली नाही. ती कोणीच लावत नाही, ती येते. राखेच्या बुधवारी कपाळावर लावलेली राख पुसली गेली, उपवासकाळ सुरू झाला, दुपारचं ऊन कठड्यावरून घरात सरकू लागलं की मला ती दिसायला लागते. खरं तर वर्षभर असते कुठे ना कुठे, पण या दिवसांत बाकीचं सगळं वाळलेलं असतं म्हणून ती नजरेत भरते.

मागच्या रविवारी फोनवर मी ती तुम्हांला दाखवली. रायनने लगेच तिचा फोटो काढून फोनलाच विचारलं आणि मला सांगितलं, "आजी, हे वीड आहे. मुळासकट काढ, नाहीतर सगळीकडे पसरेल." मिया म्हणाली, "पण क्यूट आहे ना." दोघंही बरोबर आहात. मी मात्र ती काढणार नाही, आणि का काढणार नाही ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील. तिला यातलं काही आठवणार नाही, तेव्हा ती कडेवरच होती.

आधी आंबुशीची नीट ओळख करून देते. शिक्षिकेची सवय जात नाही. जमिनीला चिकटून पसरणारं हे झाड. एका देठावर तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, नखाएवढं. संध्याकाळ झाली की पानं छत्रीसारखी मिटतात. शेंगा भेंडीसारख्या, पण अगदी छोट्या, उभ्या राहिलेल्या. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फुटते आणि बिया हातावर टचटच उडतात. चव आंबट. चिंचेसारखी जड नाही, कच्च्या कैरीच्या सालीसारखी हलकी. शाळेतून येणारी पोरं खिशात मिठाची पुडी ठेवायची आणि वाटेवर बसून पाटाच्या कडेची आंबुशी खायची.

आता तिचे उपयोग. तोंड आलं की पानं चावायची. ताप उतरल्यावर जिभेला चव नसली की ताकात वाटून द्यायची. हात भाजला तर कुटून लेप. बाजारात जायला उशीर झाला आणि घरात कोकम नसलं तर बोंबलाच्या कालवणात मूठभर आंबुशी पडायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. लसूण-मिरची घालून चटणी तर आमच्याकडे उपवासकाळात रोजची, कारण त्या दिवसांत मटण-मासळी कमी आणि जिभेला काहीतरी हवंच. आणि माझा सर्वांत आवडता उपयोग म्हणजे शाईचे डाग. मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या की वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर निळी-काळी शाई सांडलेली असायची. डागावर आंबुशीचा रस चोळून उन्हात ठेवला की डाग आधी तपकिरी व्हायचा, मग पिवळट, मग जायचा. एक सूचनाही लिहून ठेवते, ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ही भाजी खाऊ नये. तुमच्या आजोबांना मी कधी दिली नाही.

सगळ्यांत मोठा उपयोग पितळ घासण्याचा. या लेखात तोच महत्त्वाचा आहे.

लग्न होऊन मी वटारच्या अलीकडे आमच्या वाडीत आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाडी म्हणजे तुम्हांला वाटतं तसं गाव नव्हे. वाडी म्हणजे आमची बाग. केळी, थोडे नारळ, आणि मागच्या बाजूला पानवेली, खायच्या पानांच्या. पानवेल ही फार नखरेल. तिला सावली हवी पण अंधार नको, ओल हवी पण पाणी साचायला नको. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, वेलींमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या. चर्चमध्ये मात्र चपला घालून जायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देवाला सवय आहे. वेलीला नाही."

पणजी आमच्या घरच्या बोलीत बोलायच्या. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर तुम्हांला कळणार नाही, तुमच्या आईलाही अर्धी कळेल, म्हणून त्यांचं बोलणं मी सोपं करून लिहिते आहे. पण त्या "गो बाय" म्हणायच्या ते तसंच ठेवते. रागावल्यावरही "गो बाय" आणि लाडातही "गो बाय". कोणतं रागाचं आणि कोणतं लाडाचं ते ओळखायला मला एक वर्ष लागलं.

वाडीच्या एका कोपऱ्यात विहीर, विहिरीवर पूर्वी रहाट होता, मी आले तेव्हा मोटर बसली होती. प्यायचं पाणी आम्ही गावच्या विहिरीवरून आणायचो. वाडीच्या विहिरीचं पाणी झाडांना, धुण्याला आणि म्हशीला. आमच्या कुंपणापलीकडे पास्कलची वाडी. पास्कल म्हणजे आजोबांचा चुलतभाऊ, पणजींचा पुतण्या. दोन वाड्यांच्या मध्ये एक बावखल होतं. बावखल म्हणजे तळ्यासारखा मोठा खड्डा. जुन्या लोकांनी घर बांधायला माती काढली, खड्डा राहिला, पावसात भरला आणि वर्षभर भरलेलाच राहिला. त्यात आम्ही भांडी घासायचो, पोरं पोहायला शिकायची, आणि त्याचं पाणी कोणाच्या लक्षात न येता जमिनीतून दोन्ही विहिरींत उतरत राहायचं. कागदावर ते पास्कलच्या बाजूला होतं.

मिठागरावरून जनीबाई यायची. पणजींची जुनी ओळख. वर्षातून एकदा टोपलीभर मीठ आणायची आणि केळीचा घड घेऊन जायची. ओसरीवर बसून चहा बशीत ओतताना एकदा ती म्हणाली, "पानी गोड हाय तवर वाडी तुमची, काकी. खारं झालं का आमची." आणि खदखदून हसली. पणजीही हसल्या. मीही हसले. दारात बसून असं काहीबाही बोलायचं ही तिची रीतच होती.

मी ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्याच्या आदल्या पावसाळ्यानंतर पास्कलने बावखल बुजवलं. विरारला इमारती उठत होत्या. पाया खणून निघालेली माती आणि फुटक्या विटा ट्रकमधून येत आणि बावखलात पडत. मेलेले मासे पांढऱ्या पोटांनी वर आले, बगळे आठवडाभर हलले नाहीत. पाण्याच्या जागी सपाट जमीन आली. तिच्यावर एकही गवत उगवलं नाही. पणजी कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. पास्कल म्हणाला, "काकी, डास कमी होतील."

मग त्या सपाट जमिनीवरून टँकर यायला लागला. पास्कलच्या विहिरीत जाड नळी सोडलेली असायची. दुपारी जेवून आम्ही आडवे झालो की मोटरचा आवाज सुरू व्हायचा, एकसुरी, खोलवरून येणारा. तो आवाज जमिनीतून यायचा असं मला वाटे. तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. एक टँकर भरून गेला की चिखलात चाकांचे चर राहायचे, आणि ते वाळायच्या आत दुसरा यायचा. लीना, म्हणजे तुमची आई, तेव्हा नुकतीच बोलायला शिकत होती. तिने पहिली नक्कल केली ती चिमणीची किंवा म्हशीची नव्हती. ती ओठ मिटून "हूं हूं हूं" करायची, मोटरसारखं. आम्हांला ते फार गोड वाटायचं.

त्या वर्षीचा उपवासकाळ मला आठवतो तो अशा बारीकसारीक गोष्टींनी. साबणाला फेस येईना. मी म्हटलं, कंपनीने साबण बदलला असेल. म्हैस डोणीपाशी जायची, नाक पाण्याला लावायची, फुसकारायची आणि मागे फिरायची. आजोबा म्हणाले, उन्हाने तिला मंदाग्नी झाला आहे. केळीच्या पानांच्या कडा वाळून तपकिरी झाल्या, जणू कोणी उदबत्तीने चटके दिले आहेत. उन्हानेच. त्या वर्षी आम्ही सगळंच उन्हावर ढकललं.

आणि आंबुशी कमी झाली. पाटाच्या कडेला एरवी पाय ठेवायला जागा नसायची, तिथे उघडी माती दिसू लागली. जी होती ती खुरटी, पानं लालसर, टोकांना जळलेली. आजोबा कचेरीतून आले की वेलींत शिरायचे. एक दिवस बाहेर येऊन आनंदाने म्हणाले, "यंदा निंदायचं कामच उरलं नाही. तण आपोआप गेलं."

पणजी म्हणाल्या, "तण आपोआप कधी जातं, जोसेफ?"

"तूच तर दरवर्षी शिव्या घालतेस त्याला."

"शिव्या घालते म्हणून गेलं असेल, तर तुला पण घालून बघते."

असं हसण्यावारी ते गेलं. आमच्याकडे वेलीखालचं तण उपटणं हे इतक्या पिढ्यांचं काम होतं की ते नाहीसं झाल्याचा आनंदच व्हायचा. कुठलाही वेलवाला असाच फसला असता.

आता शमादानांची गोष्ट. चर्चमध्ये मुख्य वेदीवर पितळेची उंच शमादानं होती, मेणबत्त्या लावायची. पवित्र आठवड्यात, ईस्टरच्या आधी, ती घासून लखलखीत करायची आणि ते काम दरवर्षी एकेका आळीकडे जायचं. त्या वर्षी आमच्या आळीची पाळी होती, आणि आमच्या आळीत पितळ म्हटलं की पणजी. त्यांचा एक नियम होता, देवाच्या वस्तूला विकतचं काही लावायचं नाही. विकतची पावडर नाही, बाजारातली चिंचसुद्धा नाही. आपल्या वाडीतली आंबुशी कुटायची, जनीबाईने दिलेलं मूठभर मीठ तिच्यात मिसळायचं, त्याने चोळायचं, मग नारळाच्या शेंड्यांची राख, मग वाडीच्या विहिरीचं पाणी, मग जुन्या लुगड्याने पुसून ऊन. आंबुशीत मीठ हवंच. नुसत्या आंबुशीने पितळ उजळतं, पण निम्मंच. बिनमिठाची आंबुशी म्हणजे बिनदातांची म्हातारी, असं त्या म्हणायच्या आणि स्वतःचं बोळकं दाखवायच्या.

बुधवारी दुपारी शमादानं आमच्या अंगणात आणली गेली. चर्चमधल्या सगळ्या मूर्ती त्या दिवसांत जांभळ्या कापडाने झाकलेल्या असतात. शमादानांनाही तसंच कापड गुंडाळून आणलं होतं, त्यामुळे अंगणात ती उतरवताना कोणा आजारी माणसाला आणल्यासारखं दिसत होतं. मी, पणजी आणि पास्कलची बायको फिलू, अशा तिघी बसलो. आंबुशी पुरेना. मी लांब बांधापर्यंत जाऊन, गावच्या विहिरीच्या ओटल्याखालून ओंजळभर आणली. तिथली हिरवीगार होती.

फिलू फार बोलायची. हात चालायचे तितकंच तोंड. "काकी, हे शमादान वाकडं आहे हो. फादरसारखं."

"फादर वाकडे नाहीत. त्यांची कंबर धरली आहे."

"मग याचीही धरली असेल. इतकी वर्षं उभं आहे बिचारं, कोणी बस म्हटलं नाही."

"तू बस म्हण. तुझ्या घरी बसायला जागा खूप झाली आहे आता," पणजी म्हणाल्या. त्यांची नजर कुंपणापलीकडच्या सपाट जमिनीवर होती. फिलूने शमादान उलटं करून त्याचा पाया चोळायला घेतला.

टँकर भरत होता. मोटरचा आवाज अंगणात येत होता आणि त्या आवाजात आम्ही चोळत होतो. पहिलं शमादान धुऊन फिलूने उन्हात ठेवलं आणि आम्ही तिघींनी डोळ्यांवर हात धरला. मी तसं पितळ त्याआधी पाहिलं नव्हतं. सोनं म्हटलं असतं कोणीही. दुसरं धुतलं, तेही तसंच. फार चोळावंही लागत नव्हतं, पाण्याखाली धरलं की काळा थर सुटून ओघळायचा. फिलू आनंदाने ओरडली, "काकी, बघा तरी! यंदा देवाने स्वतःच घासायला घेतलंय!"

पुसायला लुगड्याचा तुकडा आणायला मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर मिठाची वाटी होती. सकाळी पणजींनी आंबुशीसाठी बाजूला काढलेली, केळीच्या पानाने झाकलेली. पान तसंच होतं. मीठ तसंच होतं, भरलेलं.

वाटी हातात घेऊन मी अंगणात आले. "आई, मीठ घालायचं राहिलं."

फिलू हसत म्हणाली, "बिनमिठाचं एवढं उजळलं?"

पणजी हसल्या नाहीत. त्यांनी वाटीकडे पाहिलं, शमादानांकडे पाहिलं. मग त्यांनी विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा जिभेला लावलं. मी फिलूकडे पाहिलं. ती मान खाली घालून राख चाळत होती, जी आधीच चाळलेली होती.

मीही बोट बुडवलं. आसवांसारखी चव होती.

पणजी उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "आता बोलू नको. घंटा वाजू दे."

ते काय ते तुम्हांला सांगितलं पाहिजे. पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चची घंटा एकदा वाजते आणि मग मुकी होते. ईस्टरच्या मिस्सापर्यंत, म्हणजे शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत, तिला कोणी हात लावत नाही. तिच्या जागी लाकडाच्या फळ्या एकमेकींवर आपटतात, खट् खट् खट्, आणि त्या आवाजावर लोक प्रार्थनेला येतात. आमच्या घरात रीत अशी, की पवित्र आठवड्यात, घंटा पुन्हा वाजेपर्यंत, भाऊबंदांत भांडण काढायचं नाही. शेताच्या बांधावरून नाही, पाण्यावरून नाही, कशावरूनच नाही. ज्याने त्या दिवसांत भांडण काढलं त्याच्या घरी ईस्टरची मेणबत्ती विझते, असं मानायचे. पणजी ते मानायच्या.

म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि पलीकडे मोटर चालू राहिली.

गुरुवारी संध्याकाळी आजोबा वेलींना पाणी सोडायला निघाले तेव्हा पणजी पाटावर आडव्या उभ्या राहिल्या. "मोटर लावू नको."

"वेली मरतील, आई. ऊन बघ."

"पाणी दिलं तरी मरतील."

आजोबा तिथेच उकिडवे बसले. त्यांनी पाटातली माती उचलली, चुरली, आणि वाळलेल्या मातीवर कडेला पांढरी रेघ होती ती नखाने खरवडली. त्यांनीही ती आधी पाहिली असणार. आपण सगळेच बघत असतो. गुड फ्रायडेला दुपारी क्रूसाची वाट करत आम्ही गावातून चाललो, फळ्या आपटत होत्या, मूर्ती जांभळ्या कापडात होत्या, आणि पास्कल पुढे क्रूस धरून चालला होता. चांगला उंच, देखणा माणूस. पणजी त्याच्या मागे एक एक पाऊल टाकत होत्या आणि सारखी जीभ ओठांवरून फिरवत होत्या. मला वाटलं तहान लागली असेल. उपासाचा दिवस होता.

ते दिवस मी कसे काढले ते मला आजही नीट सांगता येत नाही. गावच्या विहिरीवरून हंडे आणून आम्ही वेलींच्या बुडाशी एकेक तांब्या ओतत होतो. माती ते पाणी प्यायची आणि तोंड पुन्हा उघडं. संध्याकाळी आंबुशीची पानं मिटायची वेळ झाली की मी पाटाकडे बघायची. मिटायला काही उरलं नव्हतं.

शनिवारी रात्री ईस्टरच्या मिस्साला घंटा वाजली, जांभळी कापडं निघाली, मेणबत्त्या लागल्या. उजेडात शमादानं लखलखली. लोक कुजबुजले. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटली. सकाळच्या मिस्साला गेलो तेव्हा दिवसाच्या उजेडात दिसलं की शमादानांच्या खाचांत, कड्यांखाली, पायांशी हिरवे डाग आले आहेत. बुरशीसारखे, फुगलेले. एवढं सोनं, आणि त्याच्यावर ते. फादर हसून पणजींना म्हणाले, "कतरीनबाई, यंदा शमादानांना पालवी फुटली."

मिस्सा संपल्यावर पणजींनी पास्कलला वेदीजवळ बोलावलं. सगळे बाहेर एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देत होते. आत तो, पणजी, मी आणि लीना माझ्या कडेवर. पणजींनी त्याचा हात धरून बोट त्या हिरव्या डागावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"पितळ आहे, काकी. पितळाला होतं."

"हे आपल्या विहिरीचं आहे. माझ्या आणि तुझ्या. तुझी नळी जितकं खेचते तितका समुद्र आत येतो. चाखलंस का पाणी?"

पास्कल तेव्हा चेष्टा करू शकला असता. त्याने केली नाही. तो म्हणाला, "महिना झाला मला माहीत आहे."

"मग?"

"माझ्या वेली तुमच्या आधी गेल्या, काकी. मी तुम्हांला सांगायला आलो नाही, कारण तुम्ही टँकर बंद करायला सांगितलं असतं. बंद करून पाणी गोड होणार आहे का?"

"आणि ते खारं पाणी लोक पितात?"

"पीत नाहीत हो. विरारला जातं, बांधकामाला. टँकरवाला म्हणाला, चालतं." आणि मग तो थोडं हसला, ओशाळल्यासारखं. "इमारत काय पाणी चाखते?"

पणजींनी त्याचं बोट सोडलं. मला वाटलं होतं त्या कडाडतील. बाहेर येऊन त्यांनी फिलूला मिठी मारली, ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या, आणि घरी येऊन कोयता घेतला. नव्या लुगड्यावरच त्या वेलींत गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा चपला काढल्या नाहीत. वेली उभ्या होत्या, अजून हिरव्या, फक्त कडांना जळलेल्या. त्यांनी बुडापाशी एकेक कापली. आजोबा धावत आले. "आई, पाऊस पडला की पाणी सुधारेल! एक पाऊस तरी बघू!"

"तू बघ," पणजी म्हणाल्या. "मला त्यांना तहानेने मेलेलं बघायचं नाही."

आजोबांचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. पावसाने विहीर वरून गोड झाली. पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा खारी झाली. टँकर आपोआप बंद झाला, कारण टँकरवाल्याला दुसरीकडे विहिरी मिळाल्या. जनीबाई मीठ घेऊन आली तेव्हा पणजींनी तिला चहा दिला. जुना विनोद तिने पुन्हा केला नाही. वाडीकडे बघून ती तशीच बसली, बशीतला चहा गार होईपर्यंत.

काही वर्षांनी आम्ही विरारला मनवेलपाड्यात हे घर घेतलं. आजोबांची कचेरी, माझी शाळा, लीनाचं शिक्षण, सगळ्यालाच ते सोयीचं होतं. नवीन इमारत, नवीन रंग, नळाला पाणी. पणजी वाडीतच राहिल्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन पावसाळे होऊन गेले होते आणि गॅलरीच्या भिंतीला लोणा लागला होता. पांढरी पांढरी भुकटी, रंगाखालून फुललेली. मी ओशाळून म्हटलं, "ओल आली आहे, आई. रंगवून घेऊ."

पणजींनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. तसंच डोळे मिटून. लीना हसायला लागली, "आजी भिंत खाते!"

पणजी डोळे उघडून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरचंच आहे गो बाय."

तो "गो बाय" रागाचा होता की लाडाचा, ते मला अजून कळलेलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी वाडीत परत गेल्या. पुन्हा इथे राहायला आल्या नाहीत. आम्हांला वाटायचं त्यांना लिफ्ट नसलेले जिने चढवत नाहीत.

भिंत आम्ही रंगवली. पुन्हा फुलली. पुन्हा रंगवली. आजोबा असेपर्यंत दर दोन वर्षांनी रंग. आता सोसायटीची माणसं येतात, वर बघतात, काठीने ठोकतात, प्लास्टर कुठे भरीव वाजतं, कुठे पोकळ, ते ऐकतात आणि म्हणतात, "मॅडम, बघू." पावसाळ्यात गॅलरीच्या छताचा पोपडा पडला. आत लोखंडी सळी दिसते आहे. एकेकाळी बोटाएवढी असेल, आता फुगून सुटून तिचे पापुद्रे निघत आहेत, गंजाचे, लाल, खारकेच्या सालीसारखे. त्या सळीखाली जास्वंदीची कुंडी आहे आणि त्या कुंडीत आंबुशी.

मी रोज तिचं एक पान खाते. आधी आंबट लागतं. मग मी थांबते, जिभेवर ठेवते आणि वाट बघते, मागून दुसरं काही येतं का. आजपर्यंत आलेलं नाही, कारण मी कुंडीला प्यायचं पाणी घालते. घरातलं पितळही अजून मीच घासते, आंबुशीनेच. मीठ मोजून घालते. पितळ निघालं की खिडकीपाशी नेऊन बघते. जरा मळकट राहिलं तर बरं वाटतं.

तुम्ही डिसेंबरात येणार आहात. तुमच्यासाठी आतली खोली तयार करते आहे, भिंती कोरड्या आहेत. गॅलरीत उभं राहून समोरची झाडं बघायची तुम्हांला आवड आहे ते मला ठाऊक आहे, मागच्या वेळी मिया तासन्‌तास उभी असायची. या वेळी गॅलरीत जायचं नाही. दाराला मी कडी घालून ठेवीन.

आंबुशी बघायची असेल तर कुंडी मी आत आणून ठेवते.